काळी पडलेली अंडी चिरडू नका : ढेकण्यांवरचे मित्रकीटक

शेतकरी बंधू-भगिनींनो,

या पंधरवड्यात पिकांचा रस शोषणाऱ्या ढेकण्यांबद्दल तीन प्रश्न आले. चोपड्याकडचे एक भाऊ विचारतात : सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात, हिरवे ढेकूण दिसतात, ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं कार्ड) लावू का? पारोळ्याच्या एका ताईंना उडदाच्या पानामागे अंड्यांचा पुंजका काळा पडलेला दिसला. फवारणीने अंडी जळाली का, असं त्या विचारतात. आणि शहाद्याच्या आबांनी मोबाइलवर परदेशातल्या ‘सामुराई’ गांधीलमाशीचा व्हिडिओ पाहिला. ती कुठे मिळेल, हा त्यांचा प्रश्न.

आधी ताईंचं उत्तर देतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. ताई, ती अंडी जळालेली नाहीत. त्यांच्यात तुमचा मित्र वाढतो आहे.

हिरव्या ढेकणाची मादी पानाच्या मागच्या बाजूला साठ-सत्तर, कधी शंभर अंडी एकमेकांना चिकटवून घालते. आकार बारक्या पिंपासारखा. ताजी अंडी मलईच्या रंगाची असतात, मग पिवळसर आणि फुटायच्या आधी गुलाबी-नारिंगी होतात. आपल्याकडच्या उन्हात पाच-सहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. हीच अंडी राखाडी होत होत काळी पडली, आठवडा उलटला तरी फुटली नाहीत, तर समजा की त्यांच्यात परोपजीवी गांधीलमाशी आहे. गांधीलमाशी म्हटलं की आपण डंखाला घाबरतो. ही मात्र मोहरीच्या दाण्याएवढीही नाही, जेमतेम एक-दीड मिलिमीटर, काळी, आणि माणसाला डंख मारत नाही. शास्त्रीय नावं ट्रिसोल्कस आणि टेलेनोमस.

मादी ढेकूण पानावरून चालली की तिच्या पायांचा वास मागे राहतो. त्या मागावर ही माशी अंड्यांपर्यंत पोचते. एकेका अंड्यात आपलं एकच अंडं घालते आणि घातलेल्या अंड्यावर खूण ओढून ठेवते, म्हणजे तेच अंडं दुसऱ्यांदा वापरलं जात नाही. दुसरी मादी आली तर तिला हुसकावून लावते, पुंजक्याची राखण करते. आतली अळी ढेकणाचं अंडं खाऊन वाढते आणि दहा-बारा दिवसांत नवी माशी बाहेर पडते. नर आधी निघतात आणि माद्यांची वाट पाहत तिथेच फिरत राहतात. ढेकणाचं पिल्लू सोंड खुपसायच्या आधीच संपतं. कोणत्याही औषधाने हे इतक्या लवकर साधत नाही.

रिकामी अंडी पाहिली तरी हिशेब कळतो. पिल्लू निघालं असेल तर अंड्याचं गोल झाकण स्वच्छ उघडलेलं दिसतं. माशी निघाली असेल तर वर कुरतडलेलं, वेड्यावाकड्या कडेचं भोक असतं. साधं स्वस्त भिंग घ्या आणि सकाळी शेतात एवढं एकदा पाहाच.

नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः शिवारफेरीत सांगत असे, ‘अंड्यांचा पुंजका दिसला की चिरडा.’ लोकांनी काळे पुंजकेही चिरडले. त्याची रुखरुख मला आजही आहे, म्हणून इतकं तपशिलात लिहितो आहे.

आता चोपड्याच्या भाऊंचं. ट्रायकोकार्ड ढेकण्यांवर चालत नाही. कार्डावरची ट्रायकोग्रामा बोंडअळी, खोडकिडा अशा पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर जगते. ढेकणाची अंडी तिच्या कामाची नाहीत. ट्रायकोग्रामा तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर प्रयोगशाळेत स्वस्तात वाढवता येते, म्हणून तिची कार्डं मिळतात. ट्रिसोल्कस वाढवायची तर आधी जिवंत ढेकणं पाळून त्यांची ताजी अंडी रोज लागतात. खर्च आणि खटाटोप तिथे आहे. तेव्हा ‘ढेकण्यांचं कार्ड’ म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे घालू नका.

मग करायचं काय? जी माशी शिवारात आहे तिला जगवायचं. सकाळच्या कोवळ्या उन्हात ढेकूण झाडाच्या शेंड्यावर येऊन बसतात. तेव्हा झाड साबणाच्या पाण्याच्या घमेल्यावर झटका. काळे पुंजके जागेवरच राहू द्या, बाकीच्या पुंजक्यांची पानं तोडा. पांढरे-पिवळे पुंजके बरणीत ठेवून तोंडाला पातळ कापड बांधा आणि रोज पाहा. पिल्लं निघाली तर पहिले दोन-तीन दिवस टरफलांवरच गोळा होऊन बसतात, तेवढ्यात ती साबणाच्या पाण्यात टाका. पुंजका काळा पडला तर पान परत शेतात नेऊन ठेवा.

मूग-उडदाची काढणी झाली की ढेकूण शेजारच्या हिरव्या सोयाबीन-कपाशीत सरकतात आणि बांधाकडून आत शिरतात. फवारणी करावीच लागली तर आधी बांधाकडच्या चार-सहा ओळी पाहा, तिथेच भागतं का ते बघा. सायपरमेथ्रीन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रीनसारखी औषधं सगळ्या शेतावर ‘सोबत मारून घेऊ’ म्हणून मारली तर ढेकणाच्या आधी ही माशी जाते. उरलेल्या ढेकणांची अंडी मग बिनराखणीची फुटतात. प्रौढ माशी फुलातल्या गोडव्यावर जगते, म्हणून बांधावर कोथिंबीर किंवा बडीशेप फुलोऱ्यात येऊ द्या. चवळी मात्र त्यासाठी लावू नका, तिच्यावर ढेकूणच येतो.

एक घोळ नेहमी होतो. कपाशीतले लाल ढेकूण आणि करडे ढेकूण वेगळ्या कुळातले आहेत, त्यांना हा उपाय लागू नाही. तुरीवरच्या तपकिरी शेंगा-ढेकण्याच्या अंड्यांवर ग्रायॉन नावाची वेगळी परोपजीवी माशी येते. खांद्यावर टोकदार काटे असलेला, अळीत सोंड खुपसून बसलेला ढेकूण दिसला तर त्याला हात लावू नका. तो अळ्या खातो.

आबा, तुमची सामुराई माशी म्हणजे ट्रिसोल्कस जॅपोनिकस. तिचं मूळ पूर्व आशियात. तिथल्याच तपकिरी मार्मोरेटेड ढेकणाने अमेरिका-इटलीतल्या फळबागांचं नुकसान केलं म्हणून तिचा तिथे विचार झाला. इटलीत 2020 मध्ये ती सोडायला सुरुवात झाली. आपला ढेकूण तो नाही. शिवाय परदेशी कीटक आणायला वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश, 2003 नुसार परवानगी लागते. ऑनलाइन मागवू नका. हिरव्या ढेकणासाठी ऑस्ट्रेलियाने 1933 मध्ये इजिप्तमधून ट्रिसोल्कस बसालिस नेली होती. काही भागांत ती छान रुजली, काही भागांत कमी पडली.

काळा पुंजका सापडला आणि खात्री होत नसेल, तर पान हवेशीर डबीत घालून आमच्या कार्यालयात किंवा पाल, ममुराबाद, धुळे, नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन या. पॉलिथिनमध्ये बांधून उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, माश्या आतच मरतात.