बाळाला घेऊन अमेरिकेला येताय? पौंड-औंसाचं एवढं पक्कं करून या

आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन तुम्ही दोघं न्यू जर्सीला येताय आणि विचारलंय, की किलोची सवय असताना पौंड कसे जमतील, घरचा वजनकाटा आणावा का.

काटा आणू नका. इथे मिळणाऱ्या काट्यावर बटण दाबलं की किलो आणि पौंड दोन्ही दिसतात. बॅगा मोजायचा हुकाचा काटा मात्र घ्या. विमान कंपन्या 23 किलो आणि 50 पौंड एकच धरतात, पण 50 पौंड म्हणजे खरे 22.68 किलो. बॅग साडेबावीसवर थांबवा.

एक पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम. पौंडांचे किलो करायचे तर आकडा निम्मा करा आणि आलेल्या उत्तराचा दहावा भाग वजा करा. तांदळाची 20 पौंडांची पिशवी: निम्मे 10, त्यातून 1 गेला, 9 किलो. नेमकं उत्तर 9.07. किलोचे पौंड करताना दुप्पट करून दहावा भाग मिळवा. भाजीचे भाव पौंडावर लिहिलेले असतात, म्हणून सुरुवातीला सगळं स्वस्त वाटतं. पौंडाला 2 डॉलरची भेंडी किलोला 4 डॉलर 40 सेंटला पडते.

आता औंस. पौंडात 16 औंस. आजीकडून 16 छटाकांचा शेर ऐकला असेल, तर हे लगेच जमेल: पाव पौंड म्हणजे 4 औंस. घोळ होतो तो दशांश चिन्हाने. 18 पौंड 6 औंस म्हणजे 18.6 पौंड नव्हे. 6 ला 16 ने भागायचं, म्हणजे 18.375 पौंड, किलोत 8.33.

बाळाच्या बाबतीत इथे फार जपा. तापाच्या औषधाची मात्रा किलोमागे इतके मिलिग्रॅम अशी काढतात. आमच्या मुलीच्या वेळी एका दवाखान्यात कागदावर नुसतं ‘18’ लिहिलं होतं, पुढे ना पौंड ना किलो. बायकोने विचारलं म्हणून बरं. ते किलो समजले गेले असते तर औषध दुपटीहून जास्त गेलं असतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वेळी ‘किलोत किती?’ विचारतो आणि लिहून घेतो. कुणालाही त्याचा राग येत नाही.

दुधाच्या बाटलीवरचा औंस वेगळा. तो वजनाचा नाही, मापाचा आहे: एक औंस सुमारे 30 मिलिलीटर, म्हणजे 4 औंस दूध 120 मिलिलीटर. पातळ औषध मात्र मिलिलीटरमध्येच मोजा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही 2015 मध्ये हेच सांगितलं आहे. घरातला चमचा वापरू नका, औषधाच्या दुकानात सुईविना सिरिंज मागा.

मुलीची लसीकरणाची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. त्यात तिची आजवरची वजनं किलोत आहेत, पहिल्या भेटीत डॉक्टर तीच आधी मागतील.