एकाच पीसीवर डोमेन लॉगिन (ऑफिसच्या सर्व्हरवरच्या अकाउंटने लॉगिन) होत नाही, तोच पासवर्ड शेजारच्या पीसीवर चालतो. काय बघू?

शेजारी चालतो म्हणजे पासवर्ड आणि अकाउंट दोन्ही ठीक आहेत, उगाच रीसेट करत बसू नका. आधी त्या पीसीचं घड्याळ बघा. सर्व्हरच्या वेळेत आणि त्याच्या वेळेत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) तिकीट, म्हणजे लॉगिनचा परवाना, नाकारतं. आमच्याकडे एक जुना डबा रोज सकाळी 2009 साल दाखवायचा. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदलला, भानगड मिटली.

वेळ बरोबर असेल तर डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बघा. कुणीतरी 'नेट फास्ट होईल' म्हणून 8.8.8.8 (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकून ठेवलेलं असतं. तिथे डोमेन कंट्रोलरचाच (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचाच) पत्ता हवा, नाहीतर पीसीला कंट्रोलर सापडणार कसा?

'ट्रस्ट रिलेशनशिप' असा एरर येत असेल तर मशीनचा स्वतःचा पासवर्ड सर्व्हरशी जुळत नाहीये. जुनी इमेज (पूर्ण डिस्कचा बॅकअप) रिस्टोअर केल्यावर हे हमखास होतं. नेटवर्कची वायर काढून लॉगिन करून बघा, आधीचा युजर असेल तर बहुतेक वेळा आत जाता येतं. मग वायर परत लावा, लोकल अ‍ॅडमिनने (त्याच पीसीवरच्या अ‍ॅडमिन अकाउंटने) पीसी डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये टाका, रीस्टार्ट करा, परत डोमेनला जोडा. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र डोमेनमधून काढायच्या *आधी* तपासा, नाहीतर बाहेरच अडकाल.