कॅरॅव्हॅन दारात, आरसी मात्र तिसऱ्याच्याच नावावर

प्रश्न : कुटुंबासह फिरायला आम्ही जुनी छोटी कॅरॅव्हॅन घेतली. पूर्ण पैसे दिले, आतलं सुतारकाम अर्ध्यावर आलंय, छप्परही उंच करायचंय. आता कळलं, की आरसी विक्रेत्याच्या आधीच्या मालकाच्या नावावर आहे आणि तीवर वित्तसंस्थेचा बोजा आहे. विक्रेत्याने त्या मालकाच्या सह्यांचे कोरे फॉर्म दिलेत, म्हणतो, 'बिनधास्त वापरा.' काय करावं?

उत्तर : सुतारकाम आजच थांबवा आणि नाव लागेपर्यंत सहलीला निघू नका.

कोऱ्या सह्यांवर विसंबू नका. सही करणारा उद्या वारला, तर फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे) घेऊन वारसांच्या मागे फिरावं लागेल. शिवाय बोजा असेपर्यंत वित्तसंस्थेच्या संमतीशिवाय नाव बदलणार नाही. कर्ज फिटलं असेल, तर तिचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा) मिळवावा लागेल, आणि तो फॉर्म मूळ मालकाच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून आधी त्यालाच गाठा. टाळाटाळ करू लागला, तर सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा २०१८चा निकाल दाखवा. गाडी मधे कितीही जणांकडे गेलेली असो, अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत नाव असलेलाच मालक धरला जातो. तुमच्या हातून काही झालं, तर दावा त्याच्यावर येईल. हे कळलं की बहुतेक माणसं सहीला स्वतःहून येतात.

विक्रेत्याला सोडू नका. बोजा लपवून विकल्याबद्दल वस्तुविक्री अधिनियम, १९३०च्या कलम १४ खाली भरपाई मागता येते. वकिलामार्फत नोटीस पाठवा. पैसे दिल्याच्या नोंदी आणि त्याचे सगळे मेसेज जपून ठेवा, 'बिनधास्त वापरा' हा असेल तर तोही. तो गाड्यांचा व्यापारी असेल, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

हस्तांतरानंतर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. जुन्या मालकाच्या पॉलिसीवर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा टिकणं अवघड.

छपराचं मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. गाद्या, पडदे बदलायला हरकत नाही. पण उंची, वजन, आसनसंख्या अशी आरसीतली नोंद बदलेल असा फेरफार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ खाली येतो. २०१९ पासून अशा प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत लेखी विचारा. तो अर्जही नोंदीतल्या मालकालाच करावा लागेल, त्यामुळे छपराच्या कारागिराला आगाऊ रक्कम सध्या देऊ नका.