गुपचूप दिलेली गोळी आणि आणखी तीन पत्रं

या वेळी पत्रांचा गठ्ठा मोठा होता, त्यातली चारच घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे काढून टाकलेत. नव्या वाचकांसाठी: मी डॉक्टर नाही. मी ड्राफ्ट्समन होतो आणि पक्का दारुडा होतो. 1998 पासून प्यायलेलो नाही. औषधांबद्दल इथे जे लिहितो ते वाचून डॉक्टरांकडे जायचं आहे, घरी प्रयोग करायचे नाहीत.

प्रश्न : माझे पती बारा वर्षं रोज पितात. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात. ओळखीच्या एका बाईंनी गोळ्यांची पट्टी दिली. ‘कुटून जेवणात मिसळ, त्यांना कळू देऊ नकोस, आपोआप तिटकारा येईल,’ असं म्हणाल्या. तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी ते पिऊन आले आणि तासाभरात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या थांबेनात. त्यांना वाटलं दारूच खराब होती. मी गप्प बसले. उरलेली पट्टी कपाटात आहे. पुढे देऊ का? – नाव छापू नये

ताई, नाही. एकही देऊ नका. ती पट्टी पर्समध्ये टाका आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ती डायसल्फिराम असावी. शेवटच्या गोळीनंतरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे गोळी बंद केली तरी आज रात्री ते प्यायले तर तेच पुन्हा होऊ शकतं. तेव्हा त्यांनाही सांगावं लागेल. कसं सांगायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण सांगा. रागावतील. रागावू देत. मात्र ते हात उगारणारे असतील तर एकटीने सांगू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोर सांगा.

ही गोळी करते काय, ते थोडक्यात. दारूचं शरीरात आधी अॅसिटाल्डिहाइड होतं. हे विषारी असतं. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा लगेच निकाल लावतं, म्हणून एरवी आपल्याला ते जाणवत नाही. गोळी त्या विकरालाच अडवते. मग विष रक्तात साठतं, चेहरा तापतो, डोकं फुटायला लागतं, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस जातोसुद्धा. म्हणून ती सुरू करण्याआधी डॉक्टर यकृत आणि हृदय तपासतात, आणि खोकल्याच्या औषधातली किंवा माउथवॉशमधली दारूही चालणार नाही असं बजावतात. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो हे काय पाळणार?

गंमत म्हणजे हे औषध दारूसाठी शोधलेलंच नव्हतं. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे ते जंतांवर चालतं का ते पाहत होते. गोळी स्वतःच घेऊन बघितली आणि नंतर दारू घेतल्यावर दोघांची दैना झाली, तेव्हा उलगडा झाला. मला यातलं एवढंच लक्षात राहिलंय की त्यांनी ती आधी स्वतः घेतली होती.

गोळी वाईट नाही. पिणाऱ्याने स्वतः ठरवून, रोज सकाळी घरच्या एखाद्या माणसासमोर घेतली तर ती खरंच उपयोगी पडते. कारण ती एकदा पोटात गेली की ‘आज प्यावी का’ हा प्रश्न दिवसभर पडत नाही. मलाही दिली होती. बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. मी गोळी जिभेखाली सरकवायचो, घटाघट पाणी प्यायचो, ‘आ’ करून दाखवायचो, आणि जिन्यात रुमालात थुंकायचो. पाच आठवडे. तिला वाटायचं औषध लागू पडत नाहीये, म्हणून ती डॉक्टर बदलायच्या विचारात. सांगायचा मुद्दा, लपवाछपवीत आपण पिणाऱ्याला हरवू शकत नाही. त्याचा हात त्यात वर्षानुवर्षं बसलेला असतो.

मग करायचं काय? उपचाराला नकार देणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच बनवलेली ‘क्राफ्ट’ नावाची एक पद्धत आहे. 1999 मध्ये अमेरिकेत 130 नातेवाइकांवर तिची पडताळणी छापून आली. ज्या घरच्यांनी ही पद्धत शिकून घेतली, त्यांच्या पिणाऱ्यांपैकी 64 टक्के लोक उपचाराला आले. त्यांनी भांडण केलं नाही की शपथा घातल्या नाहीत. न प्यायलेल्या संध्याकाळी माणसाजवळ बसायचं, त्याच्याशी नीट बोलायचं. प्यायलेल्या दिवशी वाद न घालता बाजूला व्हायचं. त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करायचा नाही, त्याने केलेली घाण त्याच्या नकळत आवरायची नाही. आणि सकाळी, उतरलेली असताना, तो स्वतःच वैतागलेला असेल तो क्षण पकडून ‘आज जाऊया का’ विचारायचं. अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवायची, कारण ‘हो’ फार तर अर्धा दिवस टिकतं. हे शिकवणारा समुपदेशक गाठा. आणि डायसल्फिराम सोडून दुसरी औषधंही आहेत: नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा कमी होते, अकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची तगमग. तीही त्यांना सांगून, डॉक्टरांच्या हातूनच.

प्रश्न : वय 36. सकाळी उठलो की हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे. खोलीत स्वतःला कोंडून घेऊन एकदाच काय ते सोडणार आहे. भावाला सांगून ठेवलंय, कितीही ओरडलो तरी दार उघडू नकोस. काही टिप्स? – एक जिद्दी

जिद्द सांभाळून ठेवा, पुढे लागेल. खोलीचा बेत मात्र रद्द करा. आणि हे पत्र भावाला वाचायला द्या.

सकाळी हात थरथरणं आणि घेतल्यावर थांबणं, याचा अर्थ शरीर दारूवर उभं आहे. दारू मेंदूला दाबते, मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून चालू राहतो. दाब अचानक काढला की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत घाम, कापरं, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो: ताप, बडबड, नसलेलं दिसणं, आपण कुठे आहोत ते न कळणं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्यात उपचाराविना माणसं दगावतात. बघा, तुमची सुट्टीही बरोब्बर चार दिवसांचीच आहे.

रुग्णालयात हेच दिवस औषधांनी सावकाश उतरवून काढतात आणि बी-1 जीवनसत्त्व देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं, आणि ते वेळेवर मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

माझी तिसरी रात्र मी वॉर्डात काढली. चादरीवर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. मला भीती वाटली नाही, राग आला, कारण रांगा वाकड्या होत्या. मी रात्रभर तळहाताच्या कडेने त्या सरळ करत बसलो. नर्सने दोनदा विचारलं, काय करताय? म्हटलं, ड्रॉइंग उद्या द्यायचंय. तिने पलंगाचे कठडे वर केले आणि डॉक्टरांना बोलावलं. तुमच्या खोलीत नर्स नसेल, आणि दारामागे उभ्या असलेल्या भावाला तुम्हीच सांगून ठेवलंय की उघडू नकोस.

प्रश्न : अकरा महिने आठ दिवस सोबर होतो. एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत कुणीतरी हातात ग्लास दिला. एकच घेतला. घरी जाताना वाटलं, मोडलंच आहे तर काय राहिलं, आणि पुढचे चार दिवस पीतच होतो. आता पाच दिवस बंद आहे. मीटिंगला जायची लाज वाटते. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं? सगळं पाण्यात गेलं का? – अकरा महिनेवाला

तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य ‘एकच घेतला’ हे नाही. ‘मोडलंच आहे तर काय राहिलं’ हे आहे. अॅलन मार्लट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने याच विचाराचा पिच्छा पुरवला. पहिल्या घोटाने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त त्यानंतर स्वतःला दिलेल्या शिव्यांनी होतं, असं त्याचं म्हणणं. एक पेग म्हणजे घसरणं. चार दिवस म्हणजे घसरलोच आहोत तर आता लोळूया, असं ठरवणं. दोन्हींच्या मध्ये घरी जायचा रस्ता होता. त्या रस्त्यावर फोन करायला कुणी होतं का? नंबर खिशात होता की नुसता डायरीत? पुढच्या शेअरिंगमध्ये यावर बोला, तारखेवर नको.

तारखेचं म्हणाल तर मोजा खुशाल पहिल्या दिवसापासून. अकरा महिन्यांत जे शिकलात ते कुणी परत मागायला येत नाही.

आणि लाजेबद्दल. तुमची मीटिंग ज्यांची, त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापना दिवस 10 जून 1935 मानतात. त्या दिवशी सभा भरली नव्हती की नोंदणी झाली नव्हती. अमेरिकेतल्या अॅक्रन गावी डॉ. बॉब नावाचे सर्जन त्या दिवशी शेवटचं प्यायले, एवढंच. मे महिन्यात त्यांची बिल विल्सनशी, म्हणजे दारू सोडलेल्या आणि पुढे त्यांच्यासोबत संघटना उभी करणाऱ्या माणसाशी, भेट झाली, पिणं थांबलं, आणि मग डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले ते तिथे धुंद होऊन परतले. परतले तर शस्त्रक्रिया तोंडावर आलेली आणि हात कापतायत. तेव्हा त्या सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून बिलनेच त्यांना बिअर दिली. तीच शेवटची. 1950 मध्ये वारले तोवर पुन्हा प्यायले नाहीत. म्हणजे ज्या संघटनेच्या मीटिंगला जायला तुम्ही लाजताय, तिची जन्मतारीखच एका घसरलेल्या माणसाची आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यावर रडू आलं होतं, पण ते त्या हातामुळे. मलाही सकाळी रेघ सरळ यायला आधी एक पेग लागायचा. शाईचं पेन पट्टीला टेकवायचो आणि पट्टीच थरथरायची.

जाता जाता गर्द, हेरॉइन किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या सोडलेल्यांसाठी: तुमची घसरण वेगळी असते. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वीचा ‘नेहमीचा’ डोस मग श्वास थांबवू शकतो. लाजून एकट्याने लपून घेणारे असेच जातात. कुणाला तरी सांगा, आत्ता.

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे. बाबांनी सोडून आठ महिने झाले. तरी ते घरी आले की मी दार उघडताना त्यांचा श्वास हुंगते. त्यांना ते कळतं, ते काही बोलत नाहीत, मला खूप वाईट वाटतं. आई म्हणते विश्वास ठेवायला शिक. कसा ठेवू?

पोरी, ठरवून ठेवता येत नाही. आठ महिने हे त्यांच्यासाठी खूप आहेत, तुझ्यासाठी नाहीत. त्यांना दारू सोडायला मदत मिळाली, तुला सावध राहणं सोडायला कुणी मदत केली? घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन म्हणून. वरच्या उत्तरातल्या बिलच्या बायकोने, लोइसने, 1951 मध्ये सुरू केलेली. तुझ्याएवढ्या मुलामुलींचे तिचे गटही असतात. एकदा जाऊन बघ, नाही आवडलं तर सोड.

आणि बाबांना सांग. ‘मी दारात हुंगते, मला थांबवता येत नाहीये,’ एवढंच. त्यांना माहीत आहेच, पण तू सांगितलंस की ते दोघांचं होईल.

आमच्याकडचं सांगतो. मी बाटली फ्लशच्या टाकीत ठेवायचो. थंड राहते, आणि कोण उघडतंय? एकदा टाकीचं पाणी वाहायचं थांबेना, म्हणून प्लंबर आला. आत अंधार होता, तेव्हा नऊ वर्षांची माझी मुलगी स्टुलावर उभी राहून टॉर्च धरत होती. पाण्यात भिजून बाटलीचं लेबल सुटलेलं, त्याचा लगदा वायसरखाली अडकलेला. प्लंबरने तो बोटाने काढला, मग बाटली काढून फरशीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मुलीनेही बघितलं नाही. टॉर्च तिने जराही हलू दिला नाही, त्याचं काम होईपर्यंत.

ती आता चाळिशीला आली आहे. तिच्या घरी गेलो की दारात माझ्या हातातली पिशवी घ्यायला पुढे येते आणि थोडी जास्तच जवळ येते. मी बूट काढायला वाकतो, ते जरा सावकाश वाकतो.