इग्बो समाजात घरातली भांडणं पूर्वी कोण मिटवायचं?

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांत राजे फारसे नव्हतेच. भाऊबंदकी मिटवायची ती 'उमुन्ना'ने, म्हणजे एकाच पूर्वजाच्या पुरुष वंशजांच्या भावकीने. बैठकीत आधी कोला नावाच्या झाडाची कडवट बी फोडून वाटायची. फोडण्याआधी वडीलधारा माणूस इग्बोतच प्रार्थना म्हणतो. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं ते आजही गमतीने सांगतात.

पण माझ्या मते खरा वचक 'उमुआदा'चा. त्या कुळात जन्मलेल्या लेकी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्यासुद्धा. आपल्याकडच्या माहेरवाशिणी समजा, फक्त पाहुणचाराला नाही तर न्यायनिवाड्याला आलेल्या! भाऊ हट्टाला पेटले की त्या घोळक्याने येऊन घरात ठाण मांडत, समेट होईपर्यंत हलत नसत. भावजया तर त्यांना टरकूनच असत.

आणि ह्याच लेकींना बापाच्या जमिनीत वाटा मात्र नाही; राहतं घर थोरल्या मुलाकडे. २०१४ साली नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलींना वारसा नाकारणारी ही रूढी घटनाबाह्य ठरवली. गावात भावाच्या दारात उभं राहून हिस्सा मागणं, हे अजून तितकं सोपं नाही.