गोवा ते मुंबई विमानाने किती अंतर, किती वेळ? मोपा आणि दाबोळीत फरक पडतो का?

मोपा आणि दाबोळी हे गोव्याचे दोन विमानतळ. सरळ रेषेत मोपाहून मुंबई साधारण ३८५ किलोमीटर, दाबोळीहून ४२५. तिकिटावरचा वेळ मात्र दोन्हीकडून सव्वा तासाच्या आसपासच असतो. हे अंतर मी विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलंय, प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडा लांबतो. मोपा पेडण्यात, म्हणजे उत्तरेला, म्हणून ४० किलोमीटर वाचतात, पण विमानाला ती जेमतेम तीन-चार मिनिटं. त्यावरून विमानतळ निवडू नका. प्रत्यक्ष हवेत पाऊण ते एक तास जातो; बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि मुंबईत उतरायची पाळी येण्यात. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं. पावसाळ्यात तर जास्तच.

खरा हिशोब रस्त्याचा करा. म्हापसा, पेडणे, सावंतवाडीकरांना मोपा सोयीचा. मडगाव, वास्को, काणकोणकरांना दाबोळी. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ पाहून निघू नका: विमानतळाचा कोड बघा, जीओआय (GOI) म्हणजे दाबोळी, जीओएक्स (GOX) म्हणजे मोपा.