नाली कुणाच्या दारात संपते?

शाळेतली समाजसेवा आणि सामाजिक न्याय या विषयावर विदर्भातल्या खेड्यांतून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. 2 ऑक्टोबरला आणि गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, 20 डिसेंबरला, आम्ही ग्रामसफाई करतो. दुसऱ्या दिवशी गाव जसंच्या तसं. मुलं विचारतात, "मॅडम, उपयोग काय?"

उत्तर : मुलांचं बरोबर आहे, त्यांना गप्प करू नका. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्नामागून प्रश्न विचारायचे. आपण झाडू तेवढा उचलला, प्रश्न सोडून दिले.

यंदा झाडायच्या आधी एक दिवस मुलांना घेऊन नुसतं फिरा. सातवीची मुलं गावाचा नकाशा सहज काढतात. त्यात नाली दाखवायला सांगा : कुठून निघते, कुठवर सिमेंटची आहे, कुठे कच्ची होते, कुठे तुंबते आणि शेवटी कुणाच्या दारात संपते. बहुतेक गावांत हा नकाशा फळ्यावर लागला की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीसमोर पेव्हर ब्लॉक आणि शेवटच्या वस्तीत अंगणात सांडपाणी, हे पोरं रोज पाहतात. कागदावर पाहिलं की विचारतात.

मग कचरा. पानठेल्यासमोर खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) पन्न्या मोजायला लावा. एका सकाळच्या पन्न्या एका ढिगात घातल्या की मुलंच हिशोब मांडतात : एका खर्र्याचे किती, दिवसाचे किती, महिन्याचे किती. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा हे अंतरही टेपने मोजून होऊ द्या. (सरांच्या खिशात खर्रा असेल तर तो आधी बाहेर काढावा लागेल. मुलांना तो ठाऊक असतोच.)

यानंतर ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. त्यातून आपल्या गावात काय झालं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारता येतं. मुलं मतदार नाहीत, म्हणून ग्रामसभेचे सदस्यही नाहीत. पण त्यांच्या आया आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. नकाशा तिथे न्या. सरपंचांना आदल्या दिवशी दाखवून ठेवा, म्हणजे त्यांना तो हल्ला वाटणार नाही. झाडू त्यानंतर हातात घ्या, आणि तेव्हा सरपंचांनाही बोलवा.

प्रश्न : माझा मुलगा शाळेत झाडू मारतो, संडासही धुतो. आम्ही लेकराला शिकायला पाठवलं की झाडायला? (पालक, दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, झाडण्यात कमीपणा नाही. गांधीजींच्या पुढाकाराने 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून हातकामातून शिकवण्याचा विचार देशभर गेला. पण तुम्ही एक गोष्ट तपासा : पाळी कुणाची लागते? शाळेत जा आणि पाळ्यांची यादी मागा. यादीच नसेल, किंवा वर्ग मुलींनी झाडायचा, संडास ठरावीक मोहल्ल्यातल्या पोरांनी धुवायचा असं असेल, तर ती सेवा नव्हे, गावातली जुनी उतरंड शाळेत आणून बसवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. विषय तिथे मांडा. यादीत गुरुजींचंही नाव हवं. शिक्षा म्हणून संडास धुवायला लावत असतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 दाखवा, त्यात मुलांच्या मानसिक छळालाही मनाई आहे. अ‍ॅसिडला मात्र कुठल्याच लेकराने हात लावायचा नाही.

प्रश्न : शहरातली एक संस्था दर हिवाळ्यात पारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) मुलांना स्वेटर वाटते. आमचे विद्यार्थी मदतीला जातात, फोटो काढतात. हे योग्य आहे का? (मुख्याध्यापक)

उत्तर : स्वेटर चालतील, फोटो नको. रांगही नको, स्वेटर पालकांकडे द्या. आणि सर, त्याच बेड्यावरची किती मुलं तुमच्या पटावर आहेत? जातीचा दाखला नाही म्हणून किती अडली? इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 1952 साली कायद्याने पुसला. गावात चोरी झाली की आधी कुठे चौकशी होते, ते नववीच्या मुलांना विचारा. कायद्याने पुसलेलं गावात किती उरलं, हे त्यांना तिथेच कळेल. दाखल्याची कागदपत्रं जमवून द्यायला तुमचे विद्यार्थी बसले, तर त्या स्वेटरपेक्षा ते जास्त दिवस टिकेल.

प्रश्न : मी नववीत आहे. प्रकल्पासाठी गावातल्या विहिरी आणि वस्त्यांची नावं लिहीत होते. एक काका म्हणाले, "पोरी, जातीपातीत नाक खुपसू नको." मी थांबू का?

उत्तर : थांबू नकोस, पण एकटी फिरू नकोस. सोबत मैत्रिणी घे आणि शिक्षकांना आधी सांगून ठेव. काकांशी वाद घालू नको. तुझ्या नागरिकशास्त्रात संविधान आहे, त्यातलं भेदभावाला मनाई करणारं कलम 15 काढून वाच. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर का लिहावी लागली, हे तुझ्या आजीला विचार. प्रकल्पाची निम्मी पानं तिथेच भरतील. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2020 साली घेतला आहे. तुझ्या गावात पाटी बदलली का, आणि लोकांच्या तोंडी कोणतं नाव आहे, हे दोन्ही लिही. कुणी काही खासगी सांगितलं तर त्यांचं नाव लिहायचं नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर निम्मी मुलं कापूस वेचायला जातात. ती सेवेच्या उपक्रमाला येत नाहीत. गुण कापावेत का?

उत्तर : अजिबात नाही. पहाटे धाकट्या भावाला सांभाळून, दुपारी पऱ्हाटीत वाकून आलेल्या मुलीला आपण सेवा काय शिकवणार? आधी ती शाळेत कशी टिकेल ते बघा : घरी जा, मायबापाशी बोला, बुडालेला अभ्यास भरून काढायला संध्याकाळचा वर्ग लावा. मग तिचंच ज्ञान वर्गात आणा. वेचणीचा किलोचा भाव काय, दिवसाला किती किलो होतो, सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाशी तो जुळतो का, फवारणीला जाणाऱ्या पुरुषाला किती आणि वेचणाऱ्या बाईला किती? हे गणित फळ्यावर तिने मांडावं आणि बाकीच्यांनी वहीत उतरवावं. उपक्रमाचे गुण तिला याचेच द्या.